माय कुठं बसणार, ते आधी सांगा

"भाऊ, मिररलेस कॅमेरा घेतला, सोबत किट लेन्स आली. आता चेहऱ्याचे फोटो साजरे यावेत म्हणून वीस हजाराच्या आत कोणती प्राइम लेन्स घेऊ?"

हा प्रश्न मला लग्नाच्या मांडवात विचारतात, आठवडी बाजारात विचारतात, दारव्ह्याच्या बसस्टँडवर चहा पिता पिता विचारतात. विचारणारे म्हणजे लग्नाच्या ऑर्डरी घेणारी पोरं, जिल्हा परिषदेच्या शाळेतले एक-दोन सर, पगारातून पैसे साठवून कॅमेरा घेतलेली एक नर्सताई. उभ्या उभ्या नीट सांगणं होत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आज बसून लिहितो.

प्राइम म्हणजे झूम नसलेली, एकाच मापाची लेन्स. माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो. ज्याचा फोटो काढायचा ते माणूस बसणार कुठं? आंगणात, ओसरीत, की दहा बाय दहाच्या खोलीत?

मी हे काम मुख्यतः म्हाताऱ्या माणसांसाठी करतो. आपल्या खेड्यांत पंच्याहत्तरी ओलांडलेल्या बाईचा फोटो म्हणजे आधार कार्डावरचा, नाहीतर निराधारच्या अर्जाला लावलेला. बाई गेली की तेरवीच्या आधी घरचे तोच फोटो मोबाइलमध्ये घेऊन तालुक्याला धावतात, मोठा करून, मागं निळं आभाळ लावून, फ्रेम करून आणतात. हार घालताना घरच्यांनाच ती अनोळखी वाटते. माझ्या आजीचं असंच झालं. तिच्या कपाळावरचं गोंदण त्या फ्रेममध्ये पार पुसून गेलंय. माझा कॅमेरा तेव्हापासून लग्नांपेक्षा ओसऱ्यांमध्येच जास्त फिरतो.

म्हणून मी लेन्स अंतरानं निवडतो. चेहरा फार जवळून काढला की नाक पुढं येतं, कान मागं जातात, माणूस भलतंच दिसतं. त्यात दोष लेन्सचा नसतो, आपण किती जवळ गेलो त्याचा असतो. दीड मीटरवरून, म्हणजे पाचेक फुटांवरून, चेहरा रोज दिसतो तसा येतो. बाजेवर बसलेल्या आजीसमोर खुर्ची टाकून बसलं की तेवढंच अंतर पडतं, आणि बोलणंही तिथूनच होतं. तुमचा कॅमेरा एपीएस-सी सेन्सरचा (सेन्सर म्हणजे फोटो टिपणारी आतली पट्टी, एपीएस-सी म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान) असेल, बहुतेकांचा तोच असतो, तर ५० किंवा ५६ मिमीच्या लेन्सनं ह्या अंतरावरून डोक्यापासून छातीपर्यंतचं माणूस उभ्या फ्रेममध्ये बरोबर बसतं. फुल फ्रेमवाले, म्हणजे मोठ्या सेन्सरचे कॅमेरेवाले, ज्याला पंच्याऐंशी म्हणतात ते हेच. सोनी, निकॉन, फुजीला दीडनं गुणायचं, ५६ चे ८४ होतात. कॅननला १.६ नं गुणायचं, ५० चे ८० होतात.

पण त्याच ५६ नं माणूस पायापर्यंत घ्यायचं म्हटलं की साडेचार मीटर मागं सरकावं लागतं. कवेलूच्या घरात एवढी जागा कुठली? दोन पावलांत पाठ भिंतीला टेकते. तिथं ३५ मिमी लागते, तीन मीटरवर काम भागतं. पण ३५ घेऊन नुसता चेहरा काढायला गेलात तर तीन फुटांवर नाकासमोर जाऊन उभं राहावं लागेल. आजीबाई अवघडते, आणि फोटोतही ते दिसतं. एकच लेन्स घेण्याइतके पैसे असतील आणि चेहराच हवा असेल तर ५०-५६ घ्या. खोलीतलं सगळं कुटुंब हवं असेल तर ३५ घ्या. दोन्ही कामं एकीकडून होतील ह्या आशेनं मधलीच घेऊ नका, ती दोन्हीकडं अपुरी पडते.

पैसे टाकायच्या आधी एक करा. आहे ती किट लेन्स शेवटच्या टोकाला, ४५ किंवा ५० वर, न्या आणि आठवडाभर झूमला हातच लावू नका. घरातल्या माणसांचे, शेजाऱ्यांचे, धुऱ्यावर बसलेल्या सोबत्यांचे फोटो त्याच टोकावरून काढा. सारखं मागं सरकावंसं वाटलं तर तुमची लेन्स ३५. जागेवर समाधान असेल तर ५०.

मग नवी लेन्स घ्यायचीच कशाला, किट लेन्सही ५० वर जातेच की, असं एका सरांनी विचारलं होतं. फरक उजेडाचा आहे. त्या टोकाला किट लेन्सचं तोंड एफ ५.६ च्या आसपास अडतं. एफचा आकडा जितका लहान, तितकं तोंड मोठं. एफ १.८ ची प्राइम तिच्यापेक्षा जवळजवळ दहापट उजेड आत घेते. किट लेन्सनं जो फोटो आयएसओ (उजेड टिपायची कॅमेऱ्याची संवेदनशीलता) ६४०० वर दाणेदार येतो, तोच प्राइमनं ६४० वर स्वच्छ येतो. आपल्या जुन्या घरांत उजेड येतो तो एका दारातून आणि हातभर खिडकीतून. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असताना म्हाताऱ्या माणसाला आंगणात बसवायचं मी मनातही आणत नाही. तेव्हा घर, दार आणि त्या दाराचा उजेड एवढंच हाताशी असतं.

दाराचा उजेड मात्र फार गुणी. आजीला उंबऱ्यापासून हातभर आत, दाराकडं तोंड थोडं तिरपं करून बसवायचं. उन्हाची तिरीप अंगावर पडू द्यायची नाही. चेहऱ्याची आतली बाजू काळी पडते, तिथं कोणीतरी पांढरं धोतर उघडून धरलं की भागतं. मागच्या पौषात एका घरी गेलो. भाव वाढायची वाट पाहत त्यांनी कापूस घरातच भरून ठेवला होता, आढ्यापर्यंत ढीग. आजीला त्या ढिगाशेजारी बसवलं. दारातून आलेला उजेड कापसावरून परतून तिच्या गालावर असा पसरला की सुरकुतीन् सुरकुती दिसत होती आणि एकही कठोर वाटत नव्हती. हजारो रुपयांच्या सॉफ्टबॉक्सनं मला तसा उजेड कधी दिला नाही. कापसाचा हंगाम असेल तर आधी घरात ढीग कुठं आहे ते बघत जा.

एलईडी बल्बच्या उजेडात काढत असाल तर शटरचा वेग १/१०० किंवा १/५० सेकंदावर ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, साधा बल्ब सेकंदाला शंभरदा लुकलुकतो, आणि वेगळ्या शटरवर फोटोत आडवे पट्टे उमटतात.

आता ज्या चुकीतून मी सगळ्यात जास्त शिकलो ती सांगतो. पहिल्यांदा एफ १.४ ची लेन्स हाती आली तेव्हा मी सगळेच फोटो १.४ वर काढत होतो. मागचं सगळं लोण्यासारखं विरघळतं, पाहून जीव हरखतो. एका आजीचा तसाच फोटो काढला, आठ बाय बाराचा प्रिंट करून नेऊन दिला. नातवानं हातात घेतला, उजेडात धरला आणि विचारलं, "भाऊ, मायचा एक डोया धुरकट काऊन आला?" खरंच होतं. आजीनं मान जराशी वळवलेली, जवळचा डोळा लखलखीत आणि पलीकडचा मऊ. दीड मीटरवर, ५६ मिमीला, १.४ वर जेमतेम चार सेंटीमीटरची खोली स्पष्ट येते. डोळ्यापासून कानापर्यंतसुद्धा तेवढी पुरत नाही. तिचं गोंदण, कानातल्या बुगड्या, पदराचा काठ, सगळं धूसर. घरच्यांना नेमकं तेच हवं होतं. २.८ वर तीच खोली आठ सेंटीमीटर होते. मी पुन्हा गेलो, २.८ वर काढला, नवा प्रिंट दिला. तेव्हापासून चेहरा समोरून असेल तर २, वळलेला असेल तर २.८. म्हणूनच एफ १.२ साठी दुप्पट-तिप्पट पैसे मोजू नका असं मी कळकळीनं सांगतो. १.८ आपल्या कामाला पुरून उरते.

आणि मागचं सगळं पुसायचंही नसतं. पोळ्याला एक दादा सजवलेल्या बैलाजवळ उभे राहिले, मी चेहरा धरून १.८ वर काढला. फोटो पाहून म्हणाले, "माहा राजा कुठी गेला?" बैलाचं मागं नुसतं रंगीत धुकं झालं होतं. वर्षभर राबलेल्या जनावराचा सण, आणि फोटोत त्याचाच चेहरा नाही. लगेच ५.६ वर दुसरा काढला.

तर आता नावं. कॅननच्या आर५०, आर१० वाल्यांनी फार हिंडू नये, आरएफ ५० मिमी एफ १.८ घ्यावी. १६० ग्रॅमची आहे आणि ३० सेंटीमीटरपर्यंत जवळ जाते, म्हणजे हातावरचं गोंदणही काढता येतं. सोनी, फुजी, निकॉनवाल्यांसाठी माझी आवडती सिग्मा ५६ मिमी एफ १.४. २८० ग्रॅमच्या आसपासची, सोनीसाठी २०१८ पासून बाजारात आहे आणि १.४ वरसुद्धा धारदार. पण नवी वीस हजारात येत नाही, जुनी शोधावी लागते. बजेट घट्ट असेल तर व्हिल्ट्रॉक्सची ५६ मिमी एफ १.७ पाहा, ती ह्याच तीन कंपन्यांच्या माउंटला, म्हणजे लेन्स बसायच्या खाचेला, मिळते. सोनीच्या ज्या कॅमेऱ्यात सेन्सरला स्थिर ठेवण्याची सोय नाही, त्यांच्यासाठी सोनीचीच ई ५० मिमी एफ १.८ ओएसएस आहे, तिच्यात ती सोय लेन्समध्येच दिली आहे. हात थरथरणाऱ्याला तिचा आधार होतो, तरी एलईडीचा उजेड सोडला तर माणसाच्या फोटोला शटर १/१२५ च्या खाली नेऊ नये, माणूस स्वतःही हलतंच. ऑलिंपसवाल्यांनी ४५ मिमी एफ १.८ डोळे झाकून घ्यावी, ११६ ग्रॅमचा दागिना आहे. फुल फ्रेमवर ५० घेतलीत तर ती पन्नासच राहते, चेहऱ्यासाठी तिथं ८५ एफ १.८ बघावी लागेल आणि वीस हजारात ती नवी मिळायची नाही.

वीस हजारही नसतील तर? माझी सुरुवात त्याहून कमीत झाली. तालुक्याला एक जुने स्टुडिओवाले काका आहेत, रोलच्या काळातले. त्यांच्याकडं पेंटॅक्स के१००० होता, त्यावरची ५० मिमी एफ २ त्यांनी मला काढून दिली. माझ्या आईबाबांच्या लग्नाचे फोटो त्याच काचेतून निघालेत. जुन्या रोलच्या कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्मच्या मध्ये आरसा असायचा, त्यामुळं पेंटॅक्सची लेन्स फिल्मपासून साडेपंचेचाळीस मिमीवर बसायची. सोनीच्या मिररलेसमध्ये, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात, हे अंतर १८ मिमी आहे. उरलेलं अंतर भरून काढायला नुसती पोकळ नळी लागते, तिलाच ॲडॅप्टर म्हणतात. आत काच नसल्यामुळं ती स्वस्त असते आणि फोटोही बिघडवत नाही. फोकस हातानं करावा लागतो. स्क्रीनवर डोळा मोठा करून पाहायचा आणि रिंग अगदी सावकाश फिरवायची. शटर दबलंच नाही तर घाबरू नका, मेन्यूत लेन्सशिवाय शटर चालू करण्याची सेटिंग असते, ती लावा. पळत्या पोरांना ही लेन्स कामाची नाही. पण बाजेवर शांत बसलेल्या आजोबांसाठी दोन वर्षं मी हीच वापरली. तुमच्या तालुक्यातल्या जुन्या स्टुडिओत जाऊन विचारा, कपाटात अशा लेन्स पडून असतात.

जुनी घेताना एक मात्र विसरू नका. मी एका शहरातल्या दुकानातून कुरिअरनं वापरलेली ५६ मागवली. वरून चकचकीत. दाराकडं तोंड करून फोटो काढला की सगळ्या फोटोवर दुधासारखी साय यायची. रात्री मोबाइलचा टॉर्च मागून मारून पाहिलं तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे, बुरशी. दुकानदारानं परत घेतली नाही. बुरशी फार दिवस राहिली की काचेवरचा थर खाते, मग साफ करूनही डाग जात नाही. म्हणून लेन्स हातात घेऊन, तोंड पूर्ण उघडं ठेवून, टॉर्च मारून दोन्ही बाजूंनी बघा. पैसे त्यानंतर.

आणि घरी आणल्यावर पावसाळ्यात कपड्यांच्या कपाटात ठेवू नका. घट्ट झाकणाचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, रंग बदलला की भाजून पुन्हा वापरा. वेचणीच्या दिवसांत कापसाचे तंतू समोरच्या काचेला चिकटतात, ते गमछ्यानं पुसू नका. आधी ब्लोअरनं उडवा, मग मऊ कापड.

प्रिंट काढाल तेव्हा मॅट कागदावर काढा, आणि फ्रेमवाल्याला सांगून काच आणि फोटो यांच्यामध्ये पुठ्ठ्याची चौकट टाकून घ्या. नाहीतर आपल्याकडच्या पावसाळ्यात फोटो काचेला चिकटतो आणि मग निघता निघत नाही. कापसाच्या ढिगाजवळच्या त्या आजीचा फोटो मी असाच करून दिला. जित्या माणसाचा फोटो भिंतीवर कायले, म्हणून सून बिचकत होती. आजीनं नातवाला हाक मारली, बंगईसमोरची जागा दाखवली आणि स्वतः उभं राहून खिळा ठोकून घेतला.