तुम्ही विचारलंत म्हणून: तुमचा प्रॉम्प्ट दाखवा ना

"कोड लिहिणारा एआय असिस्टंट तोच, त्यामागचं मॉडेल तेच. मग तुमच्याकडे तो नीट कोड लिहितो आणि माझ्याकडे भरकटतो, असं का? तुमचा प्रॉम्प्ट दाखवा ना." सोबत काम करणारे सगळेच मला हे कधी ना कधी विचारतात. मी प्रॉम्प्ट, म्हणजे असिस्टंटला लिहिलेली सूचना, दाखवते आणि त्यांची निराशा होते, कारण त्यात काहीच खास नसतं. फाइलचं नाव, एररचा पूर्ण मजकूर, कोणती टेस्ट (कोड नीट चालतो का ते तपासणारा छोटा प्रोग्रॅम) पास व्हायला हवी, एवढंच.

खरं उत्तर प्रॉम्प्टच्या शब्दांत नाहीच. असिस्टंटला काही सांगण्याआधी मी स्वतःला एक प्रश्न विचारते: या क्षणी त्याच्यासमोर नेमका कोणता मजकूर आहे?

हा प्रश्न का, ते आतलं काम पाहिल्यावर कळतं. मॉडेलला मजकूर टोकनांच्या रूपात मिळतो. टोकन म्हणजे शब्द किंवा शब्दाचा तुकडा. समोरची सगळी टोकनं पाहून पुढे कोणतं येण्याची शक्यता किती, हे ते काढतं, त्यातलं एक निवडतं, मजकुराला जोडतं आणि पुन्हा तेच करतं. २०२१ साली गिटहब कोपायलट हा असिस्टंट आला तेव्हा तो मुख्यतः पुढच्या ओळी सुचवायचा. आजचे असिस्टंट फाइली उघडतात, कमांड चालवतात. तरी मॉडेल स्वतः काहीच उघडत नाही. "ही फाइल वाचायची आहे" असं ते ठरावीक साच्यात लिहितं, बाहेरचा एक साधा प्रोग्रॅम ती फाइल वाचतो आणि तिचा मजकूर संवादाला जोडून सगळं पुन्हा मॉडेलकडे पाठवतो.

सगळं, म्हणजे अगदी पहिल्या वाक्यापासूनचं. मॉडेलला स्वतःची अशी आठवण नसते. प्रत्येक वेळी अख्खा संवाद नव्याने त्याच्यापुढे ठेवला जातो, आणि त्यालाही कॉन्टेक्स्ट विंडोची, म्हणजे मॉडेल एका वेळी किती मजकूर पाहू शकतं याची, मर्यादा असते. ती भरत आली की बरीच टूल्स जुन्या भागाचा सारांश करतात. त्यात तुम्ही सुरुवातीला सांगितलेली एखादी अट गळून पडू शकते.

एवढं लक्षात आलं की बऱ्याच सवयी आपोआप बदलतात. असिस्टंट चुकीच्या वाटेला लागला की लोक त्याच्याशी वाद घालत बसतात. पण तो फसलेला कोड, तुमची नाराजी, त्याची माफी, सगळं त्याच्यासमोर तसंच राहतं आणि पुढचं उत्तरही तिकडेच ओढलं जातं. दोन दुरुस्त्यांत जमलं नाही, तर मी नवीन सेशन उघडते आणि आतापर्यंत जे कळलं ते चार ओळींत लिहून देते. "तू असं का केलंस?" असंही मी विचारत नाही. जे कारण मिळतं ते त्या क्षणी तयार झालेलं असतं, निर्णयाची नोंद नसते. "नक्की ना?" म्हटलं तर बरोबर उत्तरही बदलून मिळू शकतं.

समोर जे नसतं, त्याची जागा प्रशिक्षणातला मजकूर घेतो, आणि तो एका तारखेला थांबलेला असतो. म्हणून लायब्ररीच्या (इतरांनी लिहिलेल्या तयार कोडच्या) नव्या आवृत्तीसाठी जुनं फंक्शन येतं, किंवा अस्तित्वातच नसलेलं पण अगदी खरं वाटणारं. पॅकेजच्या, म्हणजे इंटरनेटवरून इन्स्टॉल करायच्या तयार कोडच्या, बाबतीत हे धोक्याचं आहे. मॉडेल वारंवार सुचवतं ती बनावट नावं हेरून त्या नावाने घातक पॅकेज नोंदवता येतं. नवीन पॅकेज इन्स्टॉल करण्याआधी ते कुणाचं आहे ते मी स्वतः बघते, आणि वापरातल्या आवृत्तीचं डॉक्युमेंटेशन असिस्टंटपुढे ठेवते.

टेस्टवर माझा इतका भर आहे तोही यासाठीच. टेस्ट फेल झाल्याचा आउटपुट मॉडेलने रचलेला नसतो. प्रत्यक्ष घडलेली गोष्ट त्याच्या मजकुरात येते. मात्र टेस्टच बदलून ती पास करून घेण्याकडे असिस्टंट कधी कधी वळतो. "टेस्टच्या फाइलींना हात लावू नकोस" हे मी आधीच लिहिते, आणि तरीही डिफ, म्हणजे कोडमध्ये काय काय बदललं ते, वाचते.

२०२५ मध्ये मीटर (METR) या संशोधन संस्थेने मुक्त-स्रोत प्रकल्पांतल्या १६ अनुभवी डेव्हलपरांवर अभ्यास केला. एआय वापरून त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला, आणि त्यांना मात्र आपण २० टक्के अधिक वेगाने काम केलं असं वाटत होतं. त्या वेळची टूल्स आणि त्यांचे ओळखीचे मोठे प्रकल्प, एवढ्यापुरताच तो निष्कर्ष आहे. पण संशोधकांनी मांडलेलं एक संभाव्य कारण मला अगदी पटतं: प्रकल्पाबद्दलचं बरंचसं ज्ञान या लोकांच्या डोक्यात होतं, कुठे लिहिलेलंच नव्हतं.

प्रकल्पाच्या सूचनांची फाइल मी त्यासाठीच मन लावून लिहिते. कोड वाचून जे कळणार नाही तेवढंच त्यात जातं: टेस्ट कोणत्या कमांडने चालतात, कोणतं मॉड्यूल जुन्या क्लायंटसाठी तसंच ठेवायचं आहे, तारखा कोणत्या टाइमझोनमध्ये साठवतो. ती आखूड ठेवते, कारण तिची प्रत्येक ओळ दर वेळी सगळ्या संवादासोबत पाठवली जाते.