दुसऱ्या हप्त्याआधीची पाहणी

पर्यावरण संवर्धनाच्या कामांना अनुदान देणाऱ्या संस्थेत मी काम करते. प्रस्ताव वाचायचे, जागा पाहायची आणि पुढचा हप्ता सोडावा की थांबवावा, याची शिफारस करायची. त्या दिवशी मी एका खाडीकाठी मध्यावधी पाहणीला गेले होते. कोळंबीची तळी मालकाने सोडून दिलेली, तिथे पुन्हा खारफुटी उभी करायचा महिलांच्या एका गटाचा प्रकल्प. पहिला हप्ता रोपवाटिका आणि लागवडीत खर्च झाला होता. दुसराही त्याच कामासाठी मंजूर होता.

बांधावर चढल्या चढल्या लक्षात आलं. कांदळ या खारफुटीच्या जातीच्या लांब शेंगा दोरी लावून सरळ ओळीत रोवलेल्या, आणि त्यातल्या बहुतेक काळ्या पडलेल्या. एक उपटून पाहिली. खालचं टोक बोटाने दाबलं तर पिठासारखं सुटलं. चिखलाला गंधकाचा उग्र वास येत होता.

गटाच्या अध्यक्ष मावशींनी सारवासारव केली नाही. "ताई, रोपं चांगली होती. पाणीच मेलेलं आहे," त्या म्हणाल्या आणि मला दोन काठ्या दाखवायला घेऊन गेल्या. एक काठी तळ्यात, दुसरी बांधाबाहेर खाडीत. दोन्हींवर कोयत्याने खाचा पाडलेल्या. उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला पाणी कुठवर चढतं, ओहोटीला कुठवर उतरतं, याच्या त्या खुणा. बाहेरच्या काठीवर खाचा वरपासून खालपर्यंत पसरलेल्या. तळ्यातल्या काठीवर सगळ्या एकाच पट्ट्यात दाटलेल्या. पाणी आत शिरत नव्हतं, आतलं बाहेर पडत नव्हतं.

खारफुटी खाऱ्या पाण्यात वाढते हे सगळ्यांना माहीत असतं, पण ते पाणी ओसरायलाही लागतं. ओहोटीला चिखल उघडा पडला की मुळांना हवा मिळते. तिवर या दुसऱ्या जातीची श्वसनमुळं त्यासाठीच चिखलाबाहेर डोकं काढून उभी असतात. पाणी कायम तुंबलं तर मुळं गुदमरतात, मग वर कितीही रोपं लावा. बांधाच्या बाहेरच्या अंगाला तिवराची गुडघाभर उंचीची रोपं माजली होती. ती कुणी लावलेली नव्हती. भरतीबरोबर बिया आल्या, उतार मिळाला, रुजल्या.

मावशींचं मागणं सरळ होतं. रोपांचे उरलेले पैसे बांध फोडायला वापरू द्या. कुठे फोडायचा हेही ठरलेलं होतं. तळी खोदण्याआधी जुना ओहोळ कुठून वाहायचा, ते गटातल्या म्हाताऱ्या बायकांनी आठवून, जागेवर फिरून, खुंट ठोकून ठेवलं होतं. हा नकाशा कुठल्याच प्रस्तावात नव्हता.

हे काही जगावेगळं नव्हतं. फिलिपिन्समध्ये खारफुटी लागवडीवर मोठाले निधी खर्च झाले आणि अनेक ठिकाणी अगदी थोडी रोपं जगली, कारण कांदळाच्या शेंगा गोळा करायला आणि रोवायला सोप्या म्हणून त्या नको तिथे रोवल्या गेल्या. तिवर आणि चिप्पी या जाती जिथे यायला हव्यात, तिथे कांदळ. उलट फ्लोरिडात रॉबिन लुईस या शास्त्रज्ञाने वेस्ट लेकच्या परिसरात आधी जमिनीची उंची आणि पाण्याची वाट दुरुस्त केली, बिया पाण्याबरोबर आपोआप आल्या.

अडचण आमच्या कागदांत होती. करारानुसार खर्चाच्या एका शीर्षाखालचे दहा टक्क्यांपर्यंतचे पैसे गटाला आपल्या अधिकारात दुसरीकडे वळवता येतात, त्यापुढे लेखी मंजुरी लागते. इथे जवळजवळ अख्खा हप्ताच वळवायचा होता. शिवाय यशाचं माप म्हणून लिहिलेलं होतं, 'लावलेल्या रोपांची संख्या'. बांध फोडला तर तो रकाना शून्य भरणार. हे माप मला फार खटकतं. रोप लावणं मोजायला सोपं, फोटो काढायला सोपं, म्हणून ते अर्जात येतं, आणि मग गट मरणाऱ्या जागेत इमानेइतबारे रोपं लावत राहतात, कारण त्यांना पुढचा हप्ता हवा असतो.

त्या दुपारी मी बाकी सगळं बाजूला ठेवून दोनच गोष्टी तपासल्या. पहिली, शेजारची शेतं. बांध फुटला आणि खारं पाणी तिकडे गेलं तर प्रकल्पच संपला. शेतांच्या बाजूचा बांध वेगळा आणि उंच होता, तो फोडायचाच नव्हता. दुसरी, मालकाची संमती. तळ्याच्या मालकाचा लेखी करार गटाकडे होता, त्यात बांधाच्या कामाचा उल्लेख होता.

मग श्रमदानाची वही. जागतिक पर्यावरण सुविधा (GEF) या पर्यावरणाच्या कामांना पैसा पुरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय निधीचा १९९२ पासून चालणारा लघु अनुदान कार्यक्रम समाजगटांना थेट पैसे देतो आणि गटाचा स्वतःचा वाटा श्रम किंवा साहित्याच्या रूपातही धरतो. आमचाही नियम तसाच. वहीत प्रत्येक बाईचे तास होते, पण फक्त लागवडीचे. काठ्या वाचायला पहाटे आणि रात्री भरतीच्या वेळेला जाणाऱ्यांचे तास कुणी मांडलेच नव्हते. "ते काय काम आहे होय?" एक बाई म्हणाली. मी तिथेच बसून त्यांच्याकडून ते लिहून घेतले. आख्ख्या प्रकल्पातलं सर्वांत मोलाचं काम तेच होतं.

समितीत वाद झाला. एक सहकारी म्हणाले, असं एकाला दिलं तर उद्या प्रत्येक जण शीर्ष बदलून मागेल. मी म्हटलं, मागू द्या, प्रत्येकाने अशा काठ्या रोवून मागावं. मंजुरी मिळाली. नवीन मापं अशी लिहिली: तळ्यातल्या आणि बाहेरच्या पाण्यातला फरक, आपोआप रुजलेली रोपं, त्यात किती जाती. बांध उधाणाच्या आधी, भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत फोडला. पुढच्या पावसाळ्यानंतरच्या अहवालात तिवर आणि चिप्पी दोन्हींची नोंद होती.

आता गटाने नवा अर्ज केला आहे. फोडलेल्या तोंडांशी गाळ साचतो, तो दरवर्षी काढावा लागेल, आणि अनुदान दोन वर्षांत संपतं. देखभालीला पैसे देण्याची आमच्याकडे पद्धत नाही. पुढच्या बैठकीत तोच विषय आहे आणि टिपण माझंच आहे.