दोर हातात असला की

रविवार, रात्री साडेदहा

आज परत शिडाची बोट घेऊन पाण्यावर जाऊन आलो. अंग सगळं ठणकतंय, तळहातावर दोराचे वळ उठलेत, मान उन्हानं भाजलीय, तरीपण आत्ताच लिहायला बसलोय कारण माझी गेलेली झोप कशी परत आली ते एकदा नीट लिहून ठेवायचंय. माझ्यासाठी तर हायच, आणि कुणी छातीवर ओझं घेऊन फिरत असेल तर त्याच्यासाठी पण.

अप्पांना लकवा मारला तेव्हा पावसाळा संपत आलेला. डावा हात, डावा पाय गेला, बोलणं जड झालं. त्याच टायमाला बेळगावात उद्यमबागला आमची जी छोटी मशीन शॉप आहे तिथलं जॉबवर्क निम्म्यावर आलं, फाउंड्रीवाल्यांनाच काम कमी म्हटल्यावर आमच्याकडं मशीनिंगला कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, कुठनं येणार. कामावरच्या पोरांचा पगार, मशीनचा हप्ता, अप्पांचं फिजिओ, आईचं बीपी, सगळं एकदम. पहाटे तीनला जाग यायची आणि छातीत धडधड सुरू. ईसीजी काढला, नॉर्मल आला. डॉक्टर म्हणाले टेन्शन आहे, गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले रोज थोडं मोकळ्यावर जात जावा.

मोकळ्यावर म्हणून मी हिडकलच्या धरणावर जायला लागलो. कधी राकसकोपच्या बाजूला. गाडी लावायची आणि पाण्याकडं बघत बसायचं. लोक म्हणतात पाणी बघितलं की मन शांत होतं, मला तसं काही झालं नाही, उलट रिकामं बसलं की हिशोब जास्तच सुरू व्हायचे, हप्त्याची तारीख, अप्पांचा पुढचा स्कॅन, कुणाचं पेमेंट अडकलंय. पाणी समोर आणि डोकं शॉपमध्ये.

माझा मामेभाऊ पणजीला असतो. तो एकदा अप्पांना बघायला आला, माझं तोंड बघून म्हणाला, "दादा, तू चार दिवस माझ्याकडं ये. तुला शिडाच्या बोटीवर बसवतो." मी नको नको करालो तर बायको आतून म्हणाली, "जाऊन या की हो. हितं बसून तरी काय करालाय? मी हाय, अत्ती हायत." अत्ती म्हणजे तिची सासू, माझी आई. आणि मी गेलो.

जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट, खाली साखळी, आणि पणजी. हा रस्ता मला लहानपणापासून माहीत, खरं त्या दिवशी कणकुंबीला चहाला थांबलो तेव्हा पहिल्यांदा एक गोष्ट डोक्यात आली. मलप्रभा हितं उगम पावते आणि पूर्वेला जाऊन कूडलसंगमला कृष्णेला मिळते. आणि आमच्याच खानापूर तालुक्यात, भीमगडच्या रानात म्हादई उगम पावते, ती पश्चिमेला उतरून गोव्यात मांडवी होते आणि समुद्राला मिळते. एका तालुक्यातलं पाणी दोन्ही समुद्रांना जातं. म्हादईच्या पाण्यावरनं दोन राज्यांची भांडणं आपण रोज पेपरात वाचतो, पण तिच्याच नावाची एक शिडाची बोट जगाला वळसा घालून आली हे आमच्याकडं किती जणांना माहीत असेल? आयएनएसव्ही म्हादई, भारतीय नौदलाची. 56 फुटांची, मांडवीतल्या दिवाडी बेटावर बांधलेली. दिलीप दोंदे 19 ऑगस्ट 2009 ला मुंबईहून तिच्यावर एकटे निघाले आणि मे 2010 मध्ये परत आले, शिडाच्या बोटीनं एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय. नंतर त्याच बोटीवर अभिलाष टॉमी कुठंही न थांबता फिरून आले. हे सगळं मला भावानं गाडीत फोनवर सांगितलं आणि मला खरंच अंगावर काटा आला, आमच्या रानातल्या नदीचं नाव अंटार्क्टिकाच्या अलीकडच्या त्या खवळलेल्या समुद्रातनं जाऊन आलंय.

दोना पावलाजवळच्या एका किनाऱ्यावर शिडाची बोट चालवायला शिकवतात. शिकवणारे सर गोव्याचेच, कोकणी-मराठी मिक्स बोलणारे. पहिला धडा काय, तर बोट उलटवायची! लाइफ जॅकेट घालून कमरेएवढ्या पाण्यात नेलं, मुद्दाम बोट आडवी पाडली आणि सांगितलं आता खालून जी फळी बाहेर आलीय, सेंटरबोर्ड, तिच्यावर उभा राहा आणि मागं रेल. रेललो. शीड हळूहळू पाण्यातनं वर आलं आणि बोट सरळ झाली. असं परत परत करून घेतलं, उलटायची भीती निघून जाईपर्यंत. मला हे लई पटलं. आधी वाईटात वाईट काय होऊ शकतं ते हातानं करून बघायचं, मग पुढचं.

दुपारी बारा-एकनंतर वारा चढतो. शाळेत भूगोलात खारे वारे, मतलई वारे पाठ केलेले, जमीन लवकर तापते, तिथली हवा वर जाते आणि समुद्रावरची थंड हवा आत येते, ते सगळं तिथं गालावर कळतं. वारा ज्या दिशेनं येतो तिकडं तोंड करून बोट जातच नाही, साधारण 45 अंश तिरकं जावं लागतं, मग वळायचं, परत तिरकं. एका हातात टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, दुसऱ्या हातात शिडाचा दोर. झुळूक आली की बोट कलते, तुम्ही बाहेरच्या बाजूला रेलायचं, डोळे सारखे पाण्यावर, कारण पुढची झुळूक यायच्या आधी तिथलं पाणी काळसर दिसतं आणि तेवढ्यात ठरवायचं असतं. बूम, म्हणजे शिडाच्या खालचा आडवा दांडा, डोक्यावरनं जाणार म्हणून वाकायचं. ह्यात हप्ता आठवायला जागाच नसते हो. तासाभरानं काठावर आलो तेव्हा लक्षात आलं, एवढ्या वेळात एकदाही शॉप मनात आली नव्हती.

पण मला खरं वाचवलं ते वेगळ्याच गोष्टीनं. दुसऱ्या दिवशी वारा वाढला, बोट एकदम कलली, मी घाबरून दोर आणखी घट्ट ओढून धरला आणि ती आणखी कलली. मागनं सर ओरडले, "सोड! दोर सोड!" सोडला. शीड फडफडायला लागलं आणि बोट तिथल्या तिथं सरळ होऊन उभी राहिली. काहीच झालं नाही. समोर मुरगाव बंदरातली मोठी जहाजं, आणि मी त्या एवढ्याशा बोटीत नुसता बसलेलो, वारा तेवढाच, लाटा तेवढ्याच. सर म्हणाले, "जास्त झालं की सोडायचं, दम घ्यायचा, परत हळूहळू ओढायचं." मी तिथंच रडलो, सरांना कळलं असेल नसेल. कितीतरी महिने मी सगळंच घट्ट धरून बसलेलो, अप्पांचं, शॉपचं, घराचं, सोडलं तर सगळं बुडेल म्हणून.

परत आल्यावर मी पहिलं काम काय केलं, तर बँकेत जाऊन हप्त्यांची संख्या वाढवून दर हप्त्याची रक्कम कमी करून घेतली. आणि धाकट्या भावाला पुण्याला फोन करून सांगितलं, महिन्यातनं एक आठवडा अप्पांसाठी तू यायचं. तो आला पण. एवढ्या दिवसात मी त्याला कधी विचारलंच नव्हतं. गोळ्या डॉक्टरांना विचारूनच कमी केल्या, अजून एक चालू आहे, ती मनानं बंद करू नये कुणी.

एक दोराचा तुकडा घरी आणलाय, गाठींचा सराव करायला. अप्पांना फिजिओनं दाबायला स्पंजचा बॉल दिलेला, त्याला ते हात लावत नव्हते. मी खाटेवर बसून बोलाईन मारालो, म्हणजे न सरकणारा फास, तर अप्पा बघत होते. मग उजव्या हातानं दोर ओढून घेतला. आयुष्यभर बैलं बांधलेला माणूस. बैलाच्या गळ्यात सरकणारी गाठ चालत नाही, गळा आवळतो, म्हणून दाव्याला ते अशीच गाठ मारायचे. डाव्या हातानं टोक धरायला जमेना, तरी सोडेनात. आता रोज संध्याकाळी दोर मागतात. डाव्या अंगठ्यात थोडी पकड आलीय, फिजिओवाला पण म्हणाला चालू ठेवा.

जूनपासून समुद्र बंद, मग थेट पावसाळ्यानंतर. त्याच्या आधी थोरलीला एकदा नेणार, तिला पोहायला येतं आणि दहावीचं टेन्शन तिलाही आहेच. आई म्हणाली पोरीला नको रे त्या पाण्यात, मी म्हटलं आई, तूच चल काठावर बसायला. उद्या सकाळी नऊला एक पार्टी ड्रॉइंग घेऊन येणार आहे शॉपला, व्हॉल्व्ह बॉडीचं काम आहे, झालं तर बरं. झोपतो.