लिव्हरपूलच्या वेल्श स्ट्रीट्स : विटांच्या ओळींत एक दुपार

लिव्हरपूलला येणारे बहुतेक प्रवासी गोदीचा परिसर आणि बीटल्सची स्थळे पाहून परततात. मीही टॉक्स्टेथ भागातल्या मॅड्रिन स्ट्रीटवर गेलो तो नऊ क्रमांकाच्या घरासाठी, कारण १९४० मध्ये बीटल्सचा ड्रमवादक रिंगो स्टार याचा जन्म तिथे झाला; पण तिथे पोहोचल्यावर त्या एका घरापेक्षा एकमेकांना लागून असलेल्या घरांची सबंध ओळच जास्त पाहण्यासारखी वाटली.

मॅड्रिन, पोविस, किन्मेल, वोएलस ही इथल्या गल्ल्यांची नावे वेल्समधल्या ठिकाणांवरून आलेली आहेत, म्हणून ही वस्ती 'वेल्श स्ट्रीट्स'. एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या घरबांधणीत वेल्श कंत्राटदारांचा मोठा वाटा होता आणि या वस्तीचा आराखडाही रिचर्ड ओवेन्स या वेल्श वास्तुविशारदाचाच. १८५० मध्ये विटांवरचा आणि १८५१ मध्ये खिडक्यांवरचा कर रद्द झाला, रेल्वेमुळे वीट आणि छपरासाठी वेल्सची स्लेट (पातळ दगडी फरशी) स्वस्तात येऊ लागली, आणि इंग्लंडभर अशा ओळी झपाट्याने उभ्या राहिल्या.

भिंतीजवळ उभे राहून विटांची रचना न्याहाळली, तर घर कसे बांधले आहे ते बरेचसे कळते. एकाच थरात विटेची लांब बाजू आणि आखूड बाजू आलटूनपालटून दिसत असेल, तर ती सहसा भरीव, साधारण नऊ इंच जाडीची भिंत असते. आखूड दिसणारी वीट आत आडवी घुसून पुढचा आणि मागचा पदर बांधून ठेवते. भाडेकरूला आणि जाणाऱ्यायेणाऱ्याला दिसायची ती दर्शनी बाजू, म्हणून चांगली, एकसारखी वीट तिथे वापरायची आणि मागच्या अंगाला साधी वीट लावून भागवायचे, हा त्या काळच्या ठेकेदारांचा सरसकट रिवाज होता. मला हा हिशेबीपणा खटकत नाही. त्यामुळेच तर कमी भाड्याच्या घरालाही दारावर कमान मिळाली. खटकते ती अलीकडची डागडुजी. मूळ दरजा, म्हणजे विटांमधले सांधे, चुन्याच्या असतात आणि भिंतीतली ओल त्यांतून बाहेर पडते; त्या खरवडून सिमेंट भरले की ओल विटेतच अडकते आणि थंडीत गोठून विटेचा दर्शनी पापुद्रा सुटतो.

शेजारच्या दोन घरांमध्ये भिंत एकच, आणि तिच्या दोन्ही अंगांना असलेल्या शेकोट्यांचा धूरही वरच्या एकाच धुराड्यातून जातो. त्यामुळे मधले एखादे घर पाडले, तर कधीच पावसात भिजण्यासाठी न बांधलेली शेजारची भिंत उघडी पडते.

पाडण्याचे संकट मात्र सगळ्या वस्तीवरच आले होते. २००२ मध्ये सुरू झालेल्या सरकारी नूतनीकरण योजनेत ही घरे पाडायचे ठरले, रहिवासी हलवले गेले, दारेखिडक्या बंद करून टाकल्या गेल्या. अखेर २०१५ च्या जानेवारीत केंद्रीय मंत्री एरिक पिकल्स यांनी हा प्रस्ताव फेटाळला. त्यानंतर घरांच्या दुरुस्तीला सुरुवात झाली आणि काही ठिकाणी लगतची घरे आतून जोडून मोठी करण्यात आली. बाहेरून ओळ तशीच राहिली आणि आत आजच्या कुटुंबाला पुरेशी जागा झाली, हा तोडगा मला फार शहाणपणाचा वाटतो.

प्रिन्सेस ॲव्हेन्यूचा रुंद, झाडांचा रस्ता ओलांडला की ग्रॅनबीच्या चार गल्ल्या लागतात. इथेही घरे ओस पडली होती. उरलेल्या रहिवाशांनी बंद खिडक्या रंगवल्या, रस्त्यावर कुंड्या मांडल्या, महिन्याचा बाजार भरवला आणि २०११ मध्ये सामुदायिक न्यास स्थापन केला. त्यांच्यासोबत केर्न्स स्ट्रीटवर काम करणाऱ्या 'असेंबल' या वास्तुरचनाकारांच्या गटाला २०१५ चे टर्नर पारितोषिक हा ब्रिटनमधला कलेचा मान मिळाला. एरवी कलाकृतींना मिळणारा हा मान घरांच्या दुरुस्तीला मिळाल्यामुळे तेव्हा बरीच चर्चा झाली. आतले मजले ढासळलेली दोन घरे त्यांनी पुन्हा राहण्याजोगी केली नाहीत. वर काचेचे छप्पर घालून त्यांची बाग केली. दुरुस्त घरांतल्या शेकोट्यांच्या चौकटी तर पाडकामातल्या विटा आणि राडारोडा मिसळलेल्या काँक्रीटच्या ओतलेल्या आहेत. त्यांना पॉलिश केल्यामुळे विटेचे लाल तुकडे ठळक दिसतात.