दुखतच नसेल तर?

मी ऑर्थोपेडिक्सला आहे, ओपीडीत रडणारी पोरं रोजचीच, पण ही चारेक वर्षांची मुलगी सुजलेल्या पायावर मजेत चालत आत आली आणि टेबलावरचा स्टेथोस्कोप ओढायला लागली. आई म्हणाली, "डॉक्टर, पाय एवढा सुजलाय पण ही काही म्हणतच नाही हो."

एक्स-रेमध्ये नडगीचं हाड मोडलेलं. तेही ताजं नाही, भोवती ढीगभर कॅलस (मोडलेलं हाड जुळताना तयार होणारं नवं हाड), म्हणजे कितीतरी दिवस ती त्याच पायावर उड्या मारत होती. अशा जुन्या फ्रॅक्चरला पहिली शंका मारहाणीची येते, आमच्या सिस्टर आईकडे जरा वेगळ्याच नजरेनं बघायला लागल्या (त्यांचंही चूक नाही, ते तपासावंच लागतं). मग मी तोंड उघडून बघितलं तर जिभेचं टोक चावून चावून गेलेलं, बोटांची टोकं कुरतडलेली, हातावर भाजल्याचे डाग. रक्त घेताना सुईकडे ती टकामका बघत होती, आणि तळव्याला गुदगुल्या केल्या की खिदळत होती. म्हणजे स्पर्श कळतोय, वेदना नाही.

"ताई, हिला घाम येतो का?"
"कधीच नाही. आणि उकाड्यात ताप चढतो, तो औषधानं उतरत नाही, ओल्या फडक्यानं पुसलं की उतरतो."

तिथेच बऱ्यापैकी उलगडा झाला. जन्मजात वेदना न कळणं आणि घाम न येणं, फार दुर्मिळ आजार, एनटीआरके१ जीनमधल्या बिघाडामुळे होतो, हा संबंध १९९६ मध्ये सापडला. गर्भातच वेदना आणि तापमान सांगणाऱ्या बारीक नसा टिकत नाहीत, घामाच्या ग्रंथींकडे जाणाऱ्याही नाहीत. पक्कं करायला जेनेटिक टेस्ट पाठवली.

शाळेत सजीवांची लक्षणं पाठ केली होती, श्वसन, पोषण, वाढ, उत्सर्जन, चेतनाक्षमता वगैरे, आणि चेतनाक्षमता म्हटलं की लाजाळूचं पान मिटतं एवढंच डोक्यात होतं. या पोरीचा श्वास नीट, भूक नीट, उंची वयाप्रमाणे, फक्त त्या एका लक्षणातला एक तुकडा नाही. श्वास थांबला तर काही मिनिटांत कळतं, हे मात्र हळूहळू पोखरतं, सांधे झिजतात, हाडात इन्फेक्शन जातं, डोळ्यात कचरा गेला तरी चोळून चोळून बुबुळाला जखम होते. आणि ताप वाढत गेला तर जीवच जातो.

प्लास्टरचीच पंचाईत होती. एरवी मूल दुखतं म्हणून आपोआप पाय टेकवत नाही, ही टेकवणारच. प्लास्टर आत घासलं तरी सांगणार नाही. म्हणून कापूस जाड घातला, दर आठवड्याला उघडून बघायचं ठरवलं, डोळ्यांच्या आणि दातांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. आईला रोज रात्री डोक्यापासून तळव्यापर्यंत अंग तपासायला शिकवलं, आंघोळीचं पाणी आधी स्वतःच्या हातावर घ्यायचं, चपलेत हात घालून खडा बघायचा, आणि प्लास्टरमधून वास आला किंवा ताप चढला तर अपॉइंटमेंटची वाट न बघता सरळ कॅज्युअल्टीत यायचं.