डाग पडला तर?

"अगं, एवढी पांढरीशुभ्र कॉलर घालून कोण रंगकाम करतं? डाग पडला तर?" सासूबाई चित्रासमोर थबकून म्हणाल्या.

वॉशिंग्टनची नॅशनल गॅलरी ऑफ आर्ट. समोर नेदरलँड्समधल्या हार्लेम शहराची चित्रकार ज्युडिथ लेस्टर, साधारण १६३० साली तिनेच रंगवलेली. खुर्चीच्या पाठीवर हात टेकवून मागे वळलेली, ओठ किंचित उघडे, आत्ता काहीतरी बोलेल अशी. डाव्या हातात रंगांची पाटी आणि ब्रशांची जुडीच्या जुडी. सासूबाईंनी मोजले, अठरा!

कपडे कामाचे नाहीतच, ठेवणीतले आहेत. मी चित्रकार आहे, नीट बघा, असं सांगायला घातलेले. १६३३ पर्यंत ती हार्लेमच्या चित्रकारांच्या संघात दाखलही झाली होती. बायका तिथे अगदी विरळा.

ती सही करायची जे. एल. आणि शेजारी एक चांदणी. आडनावाचा अर्थच ध्रुवतारा ना!

१६६० मध्ये ती गेली आणि नावही गेलं. तिची चित्रं हार्लेमचाच नामांकित चित्रकार फ्रान्स हाल्स याची म्हणून विकली जाऊ लागली. १८९३ साली अशाच एका 'हाल्स'वर तिची चांदणी सापडली. चित्र तेच, हात तोच, पण किंमत उतरली. हे वाचल्यापासून मला चैन नाही.

परतताना सासूबाई गाडीत बराच वेळ गप्प होत्या. मग हळूच म्हणाल्या, "पण सही तर केली होती ना तिने?"

केली होती, आई.