फुंकर मारल्याशिवाय सुरू न होणारी गाडी

अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या डेट्रॉइटच्या वायव्येला आमचं नोवाय गाव. मराठी माणसं भरपूर, इंडियन ग्रोसरी दहा मिनिटांवर. अर्थात गाडी असेल तर. सार्वजनिक बस या गावाने वर्षानुवर्षं नाकारलेली होती. 2022 च्या नोव्हेंबरात आमच्या ओकलंड काउंटीच्या (जिल्ह्याच्या) मतदारांनी बससाठीचा कर मंजूर केला, तेव्हा कुठे बस यायची सोय झाली. त्यामुळे लायसन्स गेलं की नोकरी, दवाखाना, मुलांची शाळा सगळंच लटकतं.

हे आधी सांगितलं, कारण पुण्याहून धाकट्या भावाचा फोन होता. इथे दोन-दोनदा दारू पिऊन गाडी चालवताना पकडलेल्यांनाही पुन्हा लायसन्स मिळतं, हे ऐकून तो उखडलाच. ‘‘दोनदा सापडला ना? मग कायमचं काढून घ्या की!’’

तर काढून घेतातच. मिशिगनमध्ये सात वर्षांत दोनदा दोषी ठरलात तर लायसन्स किमान एक वर्षासाठी रद्द. दहा वर्षांत तीनदा, तरी रद्दच, आणि मागच्या सात वर्षांत आधी एकदा रद्द झालेलं असेल तर किमान पाच वर्षं. शिवाय तिसरा गुन्हा, मध्ये कितीही वर्षं गेलेली असोत, 2007 पासून गंभीर गुन्ह्यात मोडतो. आणि मुदत संपली म्हणून लायसन्स आपोआप परत येत नाही. सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या ऑफिसपुढे (परराष्ट्रमंत्री नव्हे, राज्यातलं हे खातं म्हणजे आपलं आरटीओ समजा) सुनावणी होते. व्यसनाचा तज्ज्ञाकडून अहवाल, लघवीची तपासणी, आणि ‘हा माणूस आता पीत नाही’ असं लिहून देणारी ओळखीच्यांची तीन ते सहा पत्रं लागतात. पत्रं एकमेकांशी जुळली नाहीत तर प्रकरण तिथेच अडकू शकतं. एवढं करून हातात पडतं ते निर्बंधांचं लायसन्स, आणि गाडीत किमान वर्षभर श्वासातली दारू तपासणारं यंत्र.

ते यंत्र मी जवळून पाहिलंय. ऑफिसमधला एक सहकारी, इथलाच, पन्नाशीचा, जेवणाच्या सुट्टीत त्याच्या गाडीने निघालो होतो. डॅशबोर्डखालून गुंडाळीच्या वायरवर मोबाइलएवढा डबा लटकत होता. त्याने नळी तोंडात धरून लांब फुंकर मारली, डबा वाजला, मग गाडी सुरू झाली. श्वासात अल्कोहोल 0.025 (रक्ताच्या हिशेबात 100 मिलिलिटरमागे 25 मिलिग्रॅम) किंवा जास्त निघालं तर इंजिन सुरूच होत नाही. पुढे पाच-दहा मिनिटांत डबा पुन्हा वाजला, चालत्या गाडीत परत फुंकर. बाहेर मित्राला थांबवून पहिली फुंकर त्याच्याकडून मारून घ्यायची पळवाट यामुळे बंद होते. चालत्या गाडीचं इंजिन मात्र यंत्र बंद करत नाही, भर हायवेवर ते भयंकर झालं असतं. सगळी नोंद पुढे जाते. सकाळी माउथवॉश वापरलं तर तो थोडा वेळ थांबतो, तोंड पाण्याने खळखळून धुतो, मगच गाडीत बसतो. यंत्राचं भाडं त्याच्याच खिशातून.

त्याला वर्षभर घरी बसावं लागलं नव्हतं, कारण त्याची केस सोब्रायटी कोर्टात, म्हणजे दारू सोडवण्यावर भर देणाऱ्या खास कोर्टात गेली होती. जानेवारी 2011 पासून इथे ही सोय आहे. अशा कोर्टात दाखल झालेल्याला 45 दिवस गाडी पूर्ण बंद, त्यानंतर यंत्रासह काम, शाळा, उपचार, कोर्ट एवढ्यापुरती मुभा देता येते. बदल्यात न्यायाधीशांपुढे वारंवार हजेरी, केव्हाही होणारी तपासणी, समुपदेशन. घसरलात तर तुरुंगाची वाट उघडी.

भावाचा राग मला समजतो. रस्त्यावर कुणाचं माणूस गेलं असेल तर त्याला ही सगळी लाडीगोडीच वाटणार. पण लायसन्स काढलेला माणूस गाडी चालवत नाही, हे गृहीतकच कच्चं आहे. पोट भरायला तो तशीच चालवतो, चोरून. सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसंस्थेच्या आढाव्यानुसार नुसतं लायसन्स काढलेल्यांच्या तुलनेत यंत्र बसवलेल्यांमध्ये पुन्हा पकडलं जाण्याचं प्रमाण सुमारे दोन तृतीयांशाने कमी होतं. गोम एवढीच, की यंत्र काढलं की फरकही ओसरतो. म्हणून मला डब्यापेक्षा ते कोर्ट जास्त कामाचं वाटतं. दारू सुटायची तर तिथे सुटेल, डबा फक्त तोवर रस्ता सांभाळतो.

गंमत म्हणजे कागदावर आपला कायदा जास्त कडक. भारतात रक्ताच्या 100 मिलिलिटरमध्ये 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल म्हणजे गुन्हा, मिशिगनमध्ये हीच मर्यादा 80. आपल्याकडे 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी 10 हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, दुसऱ्या वेळी 15 हजार किंवा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पण दंड भरल्यानंतर तो माणूस पितोय का, हे बघायला कुणी येत नाही.

इथे नव्याने येणाऱ्या आपल्या पोरांसाठी मात्र वेगळीच मेख आहे. एच-वन किंवा स्टुडंट व्हिसावर असाल तर एका अटकेवरही, कोर्टाचा निकाल लागायच्या आधीच, व्हिसा रद्द होऊ शकतो. मग भारतात लग्नाला गेलात की परत येताना वकिलातीत नव्याने अर्ज, वैद्यकीय तपासणी, वाट बघणं. दुसऱ्या गुन्ह्याची आणि निर्बंधांच्या लायसन्सची पाळी यायच्या आत परतीचं तिकीट काढावं लागू शकतं. दिवाळीच्या पार्टीला चौघे निघाले की परत कोण चालवणार ते घरून निघतानाच ठरवा, नाहीतर उबर करा.